रस्त्यावर वाजवताना : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरातून, रस्त्यावर, उद्यानात किंवा घाटावर वाद्य वाजवणाऱ्या आणि वाजवू पाहणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः व्हायोलिन वाजवते आणि गेली अकरा वर्षे पुणे, ठाणे व मुंबई येथे उघड्यावर वाजवत आले आहे. त्यामुळे उत्तरांत माहितीबरोबर माझी मतेही उतरली आहेत.

मी पुण्यात नोकरी करते आणि बासरी वाजवते. रविवारी संध्याकाळी एखाद्या रस्त्याच्या कडेला बसून वाजवावे, पुढे एक लहानसा डबा ठेवावा, असे फार दिवसांपासून मनात आहे. वडिलांना हे अजिबात रुचलेले नाही. ते म्हणतात, "ही भीकच झाली." कायद्याच्या दृष्टीने ते खरे आहे का? — एक वाचक, कोथरूड

तुमच्या वडिलांच्या बोलण्यात एक भाग कायद्याचा आहे आणि एक मनाचा. कायद्याचा भाग आधी घेते, कारण तो अधिक अवघड आहे.

महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे म्हणजे भीक मागणे, अशी त्यातील व्याख्या आहे, आणि हे दान गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे अशा निमित्ताने घेतले असले तरी त्याने फरक पडत नाही, असेही त्या व्याख्येतच म्हटले आहे. अशा व्यक्तीला पोलीस वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात, आणि न्यायालयाने ठरवल्यास पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. हाच कायदा दिल्लीलाही लागू केलेला होता. तेथे भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता आहे. म्हणजे पुढ्यात डबा ठेवून बासरी वाजवणारी व्यक्ती आपल्याकडे कागदोपत्री या व्याख्येत बसू शकते, हे तुम्ही आधी जाणून घ्यावे.

प्रत्यक्षात काय घडते तेही सांगते. मला या कायद्याखाली आजवर कोणी हटकलेले नाही. मात्र एकदा माझ्यापासून पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या वासुदेवाला तेथून उठवण्यात आले, आणि मला कोणी काही विचारलेसुद्धा नाही. त्याच्या डोक्यावर मोरपिसांची टोपी होती, हातात चिपळ्या होत्या, आणि या रस्त्यांवर गाण्याचा त्याच्या घराण्याचा वारसा माझ्या व्हायोलिनपेक्षा किती तरी जुना होता. तो प्रसंग मला अजून सलतो. रस्त्यावरच्या संगीताविषयी आपण सुशिक्षित लोक आज हौसेने बोलतो, तेव्हा वासुदेव, गोंधळी, डोंबारी यांच्यावर या कायद्याचे ओझे अधिक पडत आले आहे, याचे भान आपल्याला असलेच पाहिजे.

तुमच्यापुरता उपाय असा, की परवानगी घेऊन वाजवावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार रस्त्यावर किंवा रस्त्यालगत वाद्ये वाजवण्याबाबत नियम करण्याचा अधिकार पोलीस प्रशासनाला आहे, म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. जागा महापालिकेच्या उद्यानात असेल तर उद्यान विभागाकडेही द्यावा. अर्जात तारीख, वेळ, नेमकी जागा, वाद्य आणि "ध्वनिक्षेपक वापरणार नाही" हे वाक्य स्पष्ट लिहावे, आणि पोच घेतलेली प्रत बासरीच्या पिशवीतच ठेवावी. लेखी परवानगी हाती यायला वेळ लागेल. तोवर डबा न ठेवता नुसते वाजवावे, असे मी सुचवेन. पहिले काही महिने मीही तसेच केले होते, आणि त्या महिन्यांत शिकले तितके पुढे क्वचितच शिकले.

आता मनाचा भाग. तुमच्या वडिलांना एवढेच विचारा, की कीर्तन संपल्यावर आरतीचे तबक फिरते, त्यात आपण नाणे टाकतो, तेव्हा बुवांनी भीक मागितली असे आपण म्हणतो का? गोंधळ्याला बिदागी देतो, तेव्हा त्याच्यावर उपकार केले असे वाटते का? वासुदेव तर मिळालेले दान स्वतःच्या नावावरही ठेवत नाही. "दान पावलं" म्हणत तो ते पंढरपूरच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला पोचल्याचे गाऊन सांगतो. देणाऱ्याला दारातच, गाण्यातूनच पोच मिळते. ऐकणाऱ्याने ऐकल्यानंतर आपल्या खुशीने काही द्यावे आणि वाजवणाऱ्याने ते ताठ मानेने घ्यावे, ही आपल्या मातीतली रीत आहे. ती पाळायची तर कोणाकडे हात पसरू नये, न देणाऱ्याकडे रोखून पाहू नये आणि देणाऱ्याला मानेने नमस्कार केल्याशिवाय पुढची ओळ घेऊ नये.

ठाण्याला तलावपाळीवर दोन रविवार गिटारवर गायलो. आवाज पोचत नाही आणि लोक थांबत नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर घ्यावा का? जागा कशी निवडावी? — एक विद्यार्थी, ठाणे

स्पीकर तूर्त घेऊ नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, तो आकाराने कितीही लहान असो. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये व न्यायालये यांच्याभोवतीचे किमान शंभर मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि व्यापारी भागात ६५ डेसिबल आहे. शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर स्पीकरच नव्हे, तर वाद्य वाजवण्यासही मनाई आहे. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पण नियम बाजूला ठेवले तरी माझे मत तेच राहील. स्पीकर लावला की बाकावर बसलेल्या माणसाला तुमचे गाणे नाइलाजाने ऐकावे लागते, आणि जवळ येऊन ऐकण्याची ज्याला इच्छा होईल त्याला जवळ येण्याचे कारण उरत नाही.

आवाज न पोचण्याचे कारण बहुधा जागेत आहे. मोकळ्या तलावाकडे पाठ करून उभे राहिलात, तर मागे गेलेला आवाज पाण्यावरून निघून जातो. पाठीशी भिंत असेल तर तोच आवाज परतून समोर येतो. मुंबईत फोर्टमधल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या तळमजल्याला कमानींचे आच्छादित पदपथ आहेत. तेथे एकटे व्हायोलिनही भरून ऐकू येते, आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तेच व्हायोलिन दहा पावलांवर वाऱ्यात विरते. दुसरे असे, की वाहनांची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती गिटारच्या जाड तारा पार गिळून टाकते. कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारी पकड) लावून सूर वर घ्या, खर्जात गाणे टाळा, आणि सिग्नलपासून दूर राहा. बासरीवाल्यांनीही लांब, खर्जाच्या बासरीऐवजी वरच्या पट्टीची आखूड बासरी घ्यावी.

लोक का थांबत नाहीत, याचा हिशेब मी एकदा पावले मोजून केला होता. माणूस साधारण चालीने सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. तुमचा आवाज वीस मीटरवरून त्याच्या कानी पडला, तर तुमच्यापर्यंत पोचायला त्याला पंधरा-सोळा सेकंद लागतात, आणि थांबायचे की नाही हे त्याला तेवढ्यात ठरवायचे असते. म्हणून जागा अशी हवी, की तुम्ही दुरून दिसाल, दिसण्याआधी ऐकू याल, आणि जेथे चाल आपोआप मंदावते: उद्यानाचे फाटक, पायऱ्या, भेळेच्या गाडीची थोडी अलीकडची बाजू. थांबणाऱ्याला दुसऱ्याची वाट न अडवता उभे राहता आले पाहिजे. अरुंद पदपथावर चार माणसे थांबली तर पाचवा रस्त्यावर उतरतो, आणि त्याच्या जिवाला धोका होईल असे कोणतेही गाणे वाजवण्याजोगे नसते.

त्याच पंधरा सेकंदांमुळे विस्तृत आलापी येथे चालत नाही. मैफलीत ज्याला आपण मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची लक्षात राहणारी ओळ, म्हणतो तो येथे पहिल्या वाक्यातच यावा लागतो. द्रुत बंदिश, अभंग, नाट्यपद, पहाडीतली एखादी धून ही येथे तग धरतात. मात्र पाच-सहा माणसे थांबली आहेत असे दिसले, की मी यमन राग थोडा उलगडते, आणि लोक ऐकतात. रस्त्यावरच्या श्रोत्याला शास्त्रीय संगीत नको असते, हा समज मला अकरा वर्षांत कधीही खरा वाटला नाही. त्याला सुरुवात लवकर हवी असते, एवढेच. गाणी निवडताना स्वामित्वहक्काचा विचार करा. कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्यांचा हक्क टिकतो, म्हणून पारंपरिक चालीतले संतांचे अभंग आणि पारंपरिक बंदिशी सर्वांत निर्धोक.

जागा ठरली तरी ती आधी दुसऱ्या कोणाची आहे हे विसरू नका. शेजारचे पथारीवाले, गजरेवाल्या, चहावाले तेथे रोज पोट भरतात. पहिल्या दिवशी वाद्य न उघडता त्यांच्याशी बोला, कोणत्या वेळी गिऱ्हाईक जास्त असते ते विचारा, आणि बोहनीच्या वेळी कोणाच्याही दुकानासमोर उभे राहू नका. एका गजरेवाल्या मावशींनी मला सांगितले होते, "तू वाजव, पण माझी बाजू झाकू नको." मी चार हात सरकले. पुढे पाऊस आला की माझी व्हायोलिनची पेटी त्यांच्या ताडपत्रीखाली जात असे.

पैशांबद्दल थोडेसे. सुटे नाणे आता फार थोड्यांच्या खिशात असते, त्यामुळे क्यूआर कोडची पाटी ठेवावी लागते. ती गुडघ्याच्या उंचीवर, उन्हाची चमक येणार नाही अशी उभी करा, आणि आपल्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवलेला नाही हे दर वेळी स्वतः पैसे पाठवून तपासा. रक्कम मोठ्याने सांगणारे यंत्र मात्र आणू नका. मींड (एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणे) लागत असताना "दहा रुपये प्राप्त झाले" असे ऐकू आले, की देणारा ओशाळतो आणि सूरही तुटतो. मिळालेली रक्कम वहीत लिहून ठेवा. ती तुमची मिळकत आहे आणि प्राप्तिकराच्या हिशेबात ती धरावी लागते.

लोकलमध्ये भजनी मंडळे रोज गातात. मग मी डब्यात किंवा फलाटावर गिटार वाजवली तर काय हरकत आहे? — एक प्रवासी, बदलापूर

भजनी मंडळातले लोक तिकीट-पास काढलेले प्रवासी असतात, आपल्या रोजच्या गाडीला, रोजच्या सोबत्यांबरोबर टाळ घेऊन गातात आणि कोणाकडून पैसे घेत नाहीत. त्यांच्याबद्दलही आवाजाच्या आणि जागा अडवल्याच्या तक्रारी होतातच. तुम्ही पैसे स्वीकारणार असाल तर गोष्ट बदलते, कारण रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार डब्यात व स्थानकात भीक मागण्यास मनाई आहे. गर्दीच्या वेळी डब्यात गिटारची मान कोणाच्या डोळ्याला लागेल याचाही भरवसा नाही. फलाटावर वाजवायचे असेल तर रेल्वेची परवानगी घेऊनच. २०१२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या उपक्रमाने तशी परवानगी घेऊन स्थानकांवर कलाकारांना सादरीकरणाची संधी दिली होती. म्हणजे हे अशक्य नाही. एकट्याने करण्यापेक्षा संस्थेमार्फत सोपे जाते.

पावसाळ्यात आणि उन्हात वाद्ये कशी सांभाळावीत? — एक ढोलकीवादक, सातारा

दमट हवेत ढोलकीचे कातडे सैल पडते आणि आपण ते ताणत राहतो. घरी कोरड्या जागी आल्यावर तेच कातडे आक्रसून फाटते. म्हणून वाजवणे संपताच ताण उतरवून ठेवा. बासरी थेट उन्हात तडकते, तेव्हा ती कापडात गुंडाळून ठेवावी. व्हायोलिनचे सांधे सरसाने जोडलेले असतात व ते उष्णतेने सुटतात. बंद मोटारीत वाद्य ठेवणे म्हणजे ते गमावण्याची तयारी करणेच होय. समुद्रकिनारी वाजवल्यावर धातूच्या तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. मी पावसाळ्यात चांगले वाद्य घरीच ठेवते आणि रस्त्यासाठी दुसरे, स्वस्त वाद्य बाळगते.

मी मूळची नागपूरची, सध्या लंडनमध्ये एम. एस्सी. करते. येथे रस्त्यावर वाजवणाऱ्यांना फार मान आहे. संतूर घेऊन मीही उतरावे का? — एक विद्यार्थिनी, लंडन

तुमच्या शहरात यासाठी चांगली व्यवस्था आहे, हे खरे. तेथील भुयारी रेल्वेत २००३ पासून परवानाधारक वादकांसाठी ठरावीक जागा आखून दिलेल्या आहेत आणि त्यासाठी चाचणी देऊन निवड व्हावी लागते. कॉव्हेंट गार्डनच्या चौकातही चाचणी असते. वेस्टमिन्स्टर भागातील गर्दीच्या रस्त्यांसाठी २०२१ पासून परवाना लागतो. पॅरिसच्या मेट्रोनेही १९९७ पासून अशीच निवडपद्धती ठेवली आहे. आपल्या महापालिकांनी यातून एवढे जरी उचलले, की जागा आखून द्यावी, वेळ वाटून द्यावी आणि ओळखपत्र द्यावे, तर कोथरूडच्या वाचकाला वर दिलेले अर्धे उत्तर लिहावे लागले नसते.

तुम्ही मात्र थांबा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही, आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम करण्यासही मनाई आहे. पुढ्यात पेटी ठेवून पैसे घेणे हे यात मोडू शकते, आणि काही पौंडांसाठी शिक्षण धोक्यात घालणे योग्य नाही. आपल्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यालयात आधी लेखी विचारणा करा, आणि तोवर विद्यापीठाच्या आवारातील विनामूल्य कार्यक्रमांत संतूर वाजवत राहा. संतूर थंडीत फार लवकर बेसूर होते, हेही ध्यानात असू द्या. शंभराच्या आसपास तारा उघड्यावर, गारठलेल्या बोटांनी जुळवणे मोठे जिकिरीचे असते.

मी बासष्ट वर्षांची आहे. लहानपणी पेटी शिकले, नंतर संसारात ती माळ्यावर गेली. आता पुन्हा वाजवते. गोदाघाटावर बसून वाजवावे असे वाटते, पण कोणीच थांबले नाही तर, या विचाराने पाय मागे येतो. — एक वाचक, नाशिक

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. कोणी थांबले नाही तर काय, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. १२ जानेवारी २००७ रोजी, शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास, जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकाच्या दाराशी साध्या कपड्यांत उभे राहून सुमारे ४३ मिनिटे वाजवत होते. एका वृत्तपत्राने केलेला तो प्रयोग होता. हजाराहून अधिक माणसे समोरून गेली, मिनिटभर तरी थांबलेली माणसे सात भरली, आणि जमले ३२ डॉलर आणि काही सेंट. लोकांना सौंदर्याची जाण उरली नाही, असा अर्थ त्यातून पुष्कळांनी काढला. मला तो पटत नाही. कचेरी गाठायला निघालेल्या माणसाकडे त्या वेळी द्यायला मिनिटच नसते. त्या वृत्तांतातील एक बारकावा मला अधिक मोलाचा वाटतो: तेथून गेलेल्या प्रत्येक लहान मुलाने थांबून पाहण्याचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी पालकांनी त्याला पुढे नेले. तुम्ही सकाळची घाईची वेळ टाळा आणि मुले असतील तेथे बसा.

आनंद कशाचा असतो, तेही सांगते, कारण तुम्ही ते विचारले नसले तरी तुमचा खरा प्रश्न तोच आहे असे वाटते. एकदा फोर्टमधल्या कमानीखाली अचानक पाऊस आला आणि वीसेक माणसे आडोशाला उभी राहिली. त्यांच्यातले कोणीही माझे वादन ऐकायला आलेले नव्हते. मी तुकोबांचा एक अभंग वाजवत होते. तो संपल्यावर पार्सलाची पिशवी खांद्यावर घेतलेले एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "बाई, आमच्या गावाकडं ही चाल अशी नाही." मग त्यांनी हलक्या आवाजात ती गाऊन दाखवली. त्यांच्या चालीत दुसऱ्या चरणाला कोमल निषाद लागत होता. मी तो व्हायोलिनवर शोधला, ते पुन्हा गायले, शेजारच्या दोघांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि पाऊस उघडेपर्यंत आम्ही तोच एक अभंग वाजवत-गात राहिलो. त्यांनी डब्यात काही टाकले नाही आणि मला ते सुचलेही नाही. तो अभंग मी आता त्यांच्याच चालीने वाजवते. सभागृहातला श्रोता तिकीट काढून येतो आणि आवडले नाही तरी बसून राहतो. रस्त्यावरचा श्रोता केव्हाही जाऊ शकतो, म्हणून त्याचे थांबणे मनाला इतके लागते.

आता तुमच्या तयारीचे. रामकुंडाजवळची गर्दी आणि आरतीची वेळ टाळून थोडे अलीकडे, पायऱ्यांवर, पाठीशी भिंत येईल असे बसा. पेटी जमिनीवर ठेवू नका. पाटावर किंवा ठेंगण्या चौरंगावर ठेवली तर आवाजही उठतो आणि तुमची कंबरही सांभाळली जाते. बसायला जाड सतरंजी, प्यायला पाणी आणि सोबतीला घरचे एखादे माणूस असू द्या. पहिल्या दिवशी अर्धाच तास वाजवा, पाठ असलेल्या चार चिजाच घ्या आणि डबा ठेवूच नका. भाता ओलसर हवेत जड होतो, म्हणून घरी आल्यावर पेटी उघडून तासभर पंख्याखाली ठेवा. आणि पहिल्या दिवशी काय वाजवलेत ते मला जरूर कळवा.